वाढता रकाना

“सरांना फॉर्म पाठवला हां मी सकाळीच,” दुकानात झेरॉक्स सांभाळणारा रेमंड म्हणाला आणि त्याने खारी चहात बुडवली. “तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे होता ना, मग मीच उचलला तुमच्या मशीनवरून. फायनल लिहिलेला होता तो.”

“कुठला फायनल?” जितेंद्रने विचारलं. त्याचा डावा ओठ अजून बधिर होता, त्यामुळे प्रश्न थोडा सांडला.

“फायनल म्हणजे फायनल, काका. किती असतात?”

दोन होते. एकाचं नाव ‘अपेक्षा-फायनल’ आणि दुसऱ्याचं ‘अपेक्षा-फायनल-खरा’. ही नावं वाचून गोंधळणार नाही असा एकच माणूस जगात होता, आणि तो सकाळी माणिकपूरमधल्या एका खुर्चीत तोंड उघडं टाकून पडला होता. जितेंद्रने माउसकडे हात नेला. कुठला गेला ते बघून घेतलं की झालं. तेवढ्यात लाइट गेली. त्या वर्षी वसईत लाइट जाण्याचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं. लाइट ते काटेकोरपणे पाळायची, माणसं विसरायची. यूपीएस एकदा किंचाळला आणि त्याने आपलं कर्तव्य संपवलं. समोरची स्क्रीन काळी झाली आणि तिच्यात एक अर्ध्या तोंडाचा माणूस दिसू लागला.

“आता चारशिवाय काय येत नाही,” रेमंड म्हणाला. “असे काय बघता? फॉर्म बरोबर नव्हता का?”

“बरोबर होता,” जितेंद्र म्हणाला. फॉर्म बरोबरच होता. भीती तीच होती.

गासच्या आत्माराम सरांचं वधू-वर केंद्र होतं. सर गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि आता दोन अज्ञात राशी शोधून एका समीकरणात बसवायचा उद्योग घरातून चालवत होते. त्यांचा छापील फॉर्म एका पानाचा होता. नाव, जन्मवेळ, उंची, रंग, शिक्षण, पगार, आणि तळाजवळ ‘अपेक्षा’. अपेक्षेला दीड ओळ. त्या दीड ओळीत वसईपासून पालघरपर्यंतची यच्चयावत मुलं-मुली एकच शब्द लिहीत आली होती: अनुरूप. सर म्हणाले, जोड्या जुळवायच्या कशाच्या आधारावर, सगळेच अनुरूप. मुलांकडे आता ईमेल आहे, कॉम्प्युटरवर भरता येईल असा फॉर्म करून द्या, आणि अपेक्षेला जागा जास्त द्या. किती जास्त, हे जितेंद्रने विचारलं नाही. त्याला नुकताच वाढता रकाना जमू लागला होता. फॉर्म बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका खिडकीत एका छोट्या चौकोनावर टिचकी मारायची: मजकुरानुसार उंची वाढू द्या. एवढंच. मग माणूस लिहीत जातो तसतसा रकाना खाली उतरत जातो आणि त्याच्याखालचं सगळं निमूटपणे खाली सरकतं. माणूस थांबला की रकानाही थांबतो. या गोष्टीने जितेंद्रची झोप काही दिवस उडाली होती, आणि ती आनंदाने उडाली होती की कशाने, हे त्याने तपासून पाहिलं नव्हतं.

कारण आधीची सगळी नोकरी त्याने उलट काम केलं होतं. परळच्या एका छापखान्यात, स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी पाठवेपर्यंत, तो फॉर्म बसवत होता. कोरे फॉर्म. लोक मजकूर छापतात, तो मजकुराची वाट बघणारी जागा छापत असे. नावाला किती ठिपके, पत्त्याला किती ओळी, ‘मृत्यूचे कारण’ याला किती बोटं, हे तो ठरवायचा, म्हणजे खरं तर पानाचा आकार ठरवायचा आणि तो त्याप्रमाणे करायचा. एकदा एका इस्पितळाच्या कागदावर ‘होणारा त्रास’ पुढे जेमतेम तीन शब्दांची जागा उरली, कारण वर ट्रस्टींची नावं वाढली होती. त्याने फोरमनला विचारलं होतं, एवढ्यात त्रास मावेल का? फोरमन म्हणाला, मावणार नाही त्याने दुसऱ्या इस्पितळात जावं. जितेंद्र हसला होता. पुढे आईला घेऊन तो स्वतः एका इस्पितळात गेला तेव्हा पुढ्यात आलेला कागद त्याने लगेच ओळखला, आपणच ओढलेली रेघ होती ती, आणि त्याने तीन शब्द लिहिले: छातीत सारखं कसंतरी होतं. चार झाले. शेवटचा रेघेबाहेर, समासात गेला आणि पंच मारताना त्याचं भोक पडलं. आईला काही झालं नाही, ती अजून रत्नागिरीला सगळ्यांवर ओरडत असते. पण ते भोक त्याच्या लक्षात राहिलं.

वाढता रकाना तपासायचा तर त्याला भरपूर मजकूर लागतो. कखग कखग लिहून चालत नाही. सगळे शब्द सारख्या लांबीचे, ओळी सारख्या तुटतात, आणि चूक लपते. कुठून तरी उचलून चिकटवावं तर रकाना एकदम उघडतो, हळूहळू वाढताना अडखळतो का ते कळत नाही. म्हणून खरं काहीतरी टाइप करावं लागतं, एका बोटाने, मनात येईल तसं. शुक्रवारी दुपारी रेमंड जेवायला गेला होता, चर्चमध्ये कुणाच्या तरी लग्नाची तालीम चालली होती, आणि जितेंद्रने ‘अपेक्षा’ या शब्दापुढे लिहायला सुरुवात केली होती. काय लिहिलं ते त्याला आता अंधाऱ्या दुकानात, झेरॉक्स मशीनच्या तापलेल्या वासात, शब्दन् शब्द आठवत होतं, जणू ते त्याने नव्हे तर त्याच्यावर कुणीतरी लिहिलं होतं.

‘संध्याकाळी घरी जाताना मी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबतो. घर तिसऱ्यावर आहे. वर दोघी हसत असतात. कशाला हसतात ते कळत नाही पण छान हसतात. मी आत गेलो की थांबतात. मुद्दाम नाही, पंखा बंद केल्यावर पातं थांबतं तसं. मग चप्पल कुठे काढू असं मला होतं. म्हणून मी खालीच जरा उभा राहतो. तिथे पाण्याचे मीटर आहेत आणि बसायला काही नाही. कोणी वर जायला लागलं की मी मीटर वाचत असल्यासारखं करतो. मग आत जातो. चहा कडू असतो, पण त्याबद्दल तक्रार नाही. माझी अपेक्षा एवढीच आहे की मी आत गेल्यावर एकदा तरी हसणं थांबू नये. मला गंमत सांगितली नाही तरी चालेल.’

इथपर्यंत आल्यावर रकान्याने पानाचा तळ गाठला होता आणि त्याच्याखालची ओळ, ‘वडिलांचे नाव व व्यवसाय’, पान सोडून एकटीच दुसऱ्या पानावर गेली होती. अख्ख्या कोऱ्या पानावर वडील. ही चूक होती. तीच शोधायची होती. त्याने ती दुरुस्त केली, वडिलांच्या सोबतीला दुसऱ्या पानावर सहीची जागा दिली, फाइल जपून ठेवली, मग तिची प्रत काढून मजकूर पुसला आणि तिला ‘खरा’ असं नाव दिलं. खोटी पुसून टाकायला तो विसरला. विसरला, असं त्याने आता स्वतःला दोनदा सांगितलं.

चार वाजेपर्यंत अंधारात बसून तो आशा शोधत होता. एक सापडली. मराठी अक्षरं ज्याच्या मशीनवर नसतील त्याला तो मजकूर रोमन चिन्हांची भेळ म्हणून दिसेल. आलेल्या अर्ध्या फाइली दुकानात अशाच दिसायच्या, लोकांचे जन्मदाखले शिव्यांसारखे.  मग त्याला आठवलं की असं होऊ नये म्हणून अक्षरं फाइलमध्येच बांधून टाकणाऱ्या चौकोनावरही त्याने टिचकी मारली होती. तो काम नीट करणारा माणूस होता. जगात कुठेही, कुठल्याही मशीनवर, तो दुसऱ्या मजल्यावर स्वच्छ उभा दिसणार होता. आणि त्या जगात अंधेरीच्या एका ऑफिसातलं त्याच्या मुलीचं, उन्नतीचं टेबलही होतं, कारण दिवाळीत बायकोने, जयवंतीने, तिचं नाव सरांकडे नोंदवलं होतं. एका मुलीचं लग्न जमायचं होतं, आणि तिचा बाप मीटर वाचत असल्यासारखं करतो, हे ती, तिची आई, आणि तिला पाहायला येऊ शकणारी सगळी घरं एकाच दिवशी वाचणार होती.

चार वाजता लाइट आली नाही. वेळापत्रक बदललं होतं. तो रिक्षाने गासला गेला.

रिक्षात ओठाला मुंग्या येऊ लागल्या. बधिर होता तेव्हा बरं होतं, तो ओठ दुसऱ्याचा होता. रस्त्याच्या कडेला केळीची पानं एकमेकांवर घासत होती, एका कंपाउंडच्या भिंतीवर क्रॉसजवळ ताजा झेंडू होता, आणि जितेंद्र वाक्यं जुळवत होता. सर, चुकून. सर, ते एका कथेतलं आहे. सर, व्हायरस आला होता. शेवटचं त्याला सगळ्यात सभ्य वाटलं.

सरांकडे लाइट होती. सर बनियनवर कॉम्प्युटरपुढे बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर गणित सुटल्याचं समाधान होतं. “या, या मेस्त्री! पानी घ्या. अहो, काय फॉर्म केलाय तुम्ही!”

“सर, त्यात एक मजकूर—”

“तोच तर म्हणतो! नमुना घातलात ते फार उत्तम. पोरांना अपेक्षा लिहिता येत नाहीत हो. काय लिहावं म्हणून विचारायला मला फोन करतात. आता समोर नमुनाच आहे. अपेक्षा अशी लिहावी. प्रामाणिक, सविस्तर, शुद्धलेखन चांगलं.”

“तो काढायचा होता, सर.”

“का? मी तर सगळ्यांना पाठवूनही दिला. खाली टीप टाकली: नमुन्याप्रमाणे भरावे.” सर खुर्चीत मागे रेलले. “कुणाचा आहे हो? कुणी लेखक आहे का?”

“नाही,” जितेंद्र म्हणाला. “ऑपरेटर आहे.”

“वाटलंच. लेखकांना मीटर कुठलं सुचायला. विधुर आहे का? आपल्याकडे नोंदवा म्हणावं नाव.”

“बायको आहे त्याची.”

“मग कसली आली अपेक्षा,” सर म्हणाले आणि मोठ्याने हसले, आणि जितेंद्रही हसला, फक्त एका बाजूने. व्हायरसचं राहूनच गेलं.

त्या संध्याकाळी तो वळणावर थांबला नाही. थांबणं आता शक्य नव्हतं, ते छापलं गेलं होतं. तो सरळ वर गेला, बेल दाबली, आतलं हसणं थांबलं, जयवंतीने दार उघडलं. “आज लवकर?” ती म्हणाली. ही सूचना होती की नुसता प्रश्न, यावर त्याने हातपाय धुवून होईपर्यंत विचार केला. उन्नती मोबाइलवर बोटं चालवत होती. “बाबा, दात काढला की भरला?” “भरला.” “मग ठीक.” मग ठीक म्हणजे काय? दाताबद्दलच ना? चहा त्या दिवशी कडू नव्हता, उलट नुकताच टाकलेला, फिका होता, आणि त्याला वाटलं की ही दया असावी. पुढे आठवडाभर तो असाच घर वाचत राहिला, पुराव्यासाठी. आमटीत मीठ जास्त, म्हणजे कळलंय. जेवताना क्रिकेटच्या गप्पा, म्हणजे कळलं नाही. जयवंतीने त्याची उशी उन्हात टाकली होती. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागत होता. पंचवीसेक वर्षांपूर्वी ती त्याला दाखवली गेली तेव्हा मामांनी तिला विचारलं होतं, तुझी काही अपेक्षा? ती म्हणाली होती, नाही. सगळ्यांना ते आवडलं होतं, त्यालाही. पुढे कधी त्याने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. उत्तर मिळालेलंच होतं, आणि त्याच्या धंद्यात भरलेला रकाना पुन्हा कोणी भरत नसे.

मग फॉर्म परत येऊ लागले. छपाई बरोबर येते का बघा म्हणून सर ते दुकानात पाठवायचे. जितेंद्रने पहिला उघडला. नालासोपाऱ्याचा मुलगा, बीकॉम, पाच फूट सात, बँकेत. अपेक्षा: ‘संध्याकाळी घरी जाताना मी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबतो.’ तसंच्या तसं, शेवटपर्यंत. दुसरा विरारचा, इंजिनिअर. तोही दुसऱ्या मजल्यावर थांबत होता. तिसरी मुलगी होती, शिक्षिका. तीही मीटर वाचत होती. नमुना समोर असताना स्वतःचं लिहिणं हा आगाऊपणा आहे, हे सरांनीच चाळीस वर्षं शाळेत शिकवलं होतं. बारा फ्लॅट, बैठी घरं, कळंबचं एक नारळीतलं कौलारू घर, सगळीकडची लग्नाळू मुलं जिन्यात उभी राहून आतल्या हसण्याला कान देत होती. काहींनी कष्ट घेतले होते. एकाने शेवटी जोडलं होतं: ‘आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, तरीही.’ एकाने लिहिलं होतं: ‘वरील मजकुराशी सहमत. मांसाहारी चालेल.’ एका मुलीने ‘दोघी’ खोडून ‘सगळे’ केलं होतं, बाकी तसंच. त्या एका शब्दापाशी जितेंद्र बराच वेळ बसला.

“हे काय आहे, काका?” रेमंड त्याच्या खांद्यावरून वाचत होता. “सगळ्यांनी सेम भरलंय.”

“नमुना आहे.”

“हां.” रेमंड शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेला. “पण खरं आहे पण. आमच्याकडे जिना नाय, तर मी बाइकवर बसून राहतो गेटजवळ. आत लुईझाला वाटतं, नवरा मोबाइलवर बोलतो.” मग तो एकदम झेरॉक्सकडे वळला आणि टोनर संपला नसताना टोनर हलवू लागला.

जितेंद्रला यातून दिलासा मिळायला हवा होता. गर्दीत लपता येतं. पण त्याला उलटंच झालं. जणू आजार पसरला होता आणि मूळ रोगी शोधत कुणीतरी जिना चढत होतं. उन्नतीचा फॉर्म अजून आला नव्हता. तिने नमुना तसाच ठेवला तर? मुलगी बापाची अपेक्षा घेऊन उभी. पुसला तर? पुसायला आधी तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत निवडावा लागतो. म्हणजे नजर त्यावरून जातेच. रिकामा रकाना आकसून परत एका ओळीचा होतो, वडील परत पहिल्या पानावर येतात. त्याने हे सगळं स्वतःच बसवलेलं होतं.

सरांचा फोन गुरुवारी आला. “मेस्त्री, तुमच्या उन्नतीचा आलाय हो. पण तिनं नमुना पाळलेला नाही.”

“काय केलंय?”

“सगळं पुसलंय. आणि तीनच शब्द लिहिलेत.” सरांनी कागद लांब धरल्याचा आवाज आला. “जिन्यात न थांबणारा. हे काय हो? हा काय गुण झाला? मी काय शोधू?”

ओठ आता पूर्ण त्याचा होता. दात भरलेल्या जागी जीभ सारखी जात होती. तिथे सिमेंट होतं, गुळगुळीत, आणि ते त्याचं नव्हतं. सर म्हणत होते, तुम्ही जरा समजावा तिला, उंची, पगार असं काहीतरी लिही म्हणावं. तो हो म्हणाला. दुकानातून निघाला, रिक्षा स्टँडवरून चालतच पुढे गेला, इमारतीचं गेट ढकललं. गेट नेहमीसारखं कर्कश वाजलं. हा आवाज वर स्वयंपाकघरात ऐकू येतो हे त्याला माहीत होतं. सुट्टीच्या दिवशी पेपरवाला आलेला त्याला असाच कळायचा. हीच गोष्ट उलट्या बाजूने, वर बसलेल्यांच्या बाजूने, त्याने कधी धरून पाहिली नव्हती. आता पहिल्या मजल्यावर पाय ठेवताना ती त्याच्या मनात आली. किती वर्षं गेट वाजतंय. गेट वाजतं, आणि माणूस येत नाही.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, मीटरांच्या खाली, खुर्ची होती.

निळी, प्लास्टिकची, एका हाताला तडा गेलेली, गॅलरीतली. जयवंती तिच्यावर उभी राहून दांडीवर कपडे घालायची. ती धुतलेली होती. पायांजवळ पाणी अजून वाळायचं होतं. चिठ्ठी वगैरे काही नव्हतं. त्याने आधी वर पाहिलं, मग खाली. हा टोमणा होता? टोमणाच असला तर खुर्ची धुण्याची गरज नव्हती. माया होती? मायेत इतका खडूसपणा नसतो. पण हे तो कशावरून म्हणत होता ते त्याला सांगता आलं नसतं. तो बसला. बसल्यावर मीटर बरोबर डोळ्यांसमोर आले आणि ते खरोखर वाचता येतात असं त्याला पहिल्यांदाच दिसलं. वर दोघी हसत होत्या. मग हसणं थांबलं. तो तर आत गेलाही नव्हता. कडीचा आवाज झाला.

“अहो,” जयवंतीचा आवाज वरून जिन्यातून उतरला, “चहा तिथेच आणून देऊ की वर येताय? रोज गेट वाजलं की टाकते आणि उकळून उकळून कडू करून देते. एकदा तरी काय ते सांगा.”

मागून उन्नती म्हणाली, “बाबा, खाली बसलात तर कप तुम्ही धुवायचा हं.”

पर्याय दोन होते आणि दोन्हींसमोर एकेक गोल, त्यातला एकच भरता येणारा. असे फॉर्म त्याने आयुष्यभर बनवले होते, भरायची वेळ फारशी आली नव्हती. मीटरची चकती फिरत होती. वर कुणीतरी हसू दाबत होतं, कोण ते कळत नव्हतं.

“येतो,” तो म्हणाला. ते वर पोचलं की नाही याची खात्री न वाटून त्याने पुन्हा म्हटलं, “येतोय.” मग खुर्ची उचलली, ती तिथे ठेवायची की परत न्यायची हे न कळून छातीशी धरली, आणि ओले पाय शर्टाला लावत तो चढू लागला. दारात पोचला तेव्हा दोघी हसत होत्या. तो आत शिरताना हसणं थांबलं नाही. किंवा थांबलंही असेल. खुर्ची चौकटीत अडकल्याच्या आवाजात त्याला ते नीट ऐकू आलं नाही.